पेवाचं तोंड

फाटकापाशी वनरक्षक गोरक्षनं काठी आडवी घातली, तेव्हा पुंजारामतात्या पुढं झाला आणि चक्क खरं बोलला. सवय नसल्यामुळं त्याचा आवाज जरा चिरकला.

"आमच्या शेतात चाललोय."

"शेत?" गोरक्षनं मागच्या रानाकडं मान वळवली. हिवर, बाभळी, बोरी आणि मधल्या फटी बुजवणारी घाणेरी. पाऊस नसल्यानं सगळं वाळलेलं, पण काटा जिथल्या तिथं. "म्हातारबा, पाटी वाचा. राखीव रान हाय हे."

पाटीवर काळवीट काढला होता. चितारणाऱ्यानं त्याला शिंगं काळविटाची दिली होती आणि तोंड शेळीचं.

"ह्यो तुमचा बोकड उबा हाय ना, बराबर तितं आमचा गोठा हुता," तात्या म्हणाला आणि मग सुटलाच. "आन पल्याडच्या वावरात अशी जवारी यायची, की कणसावर बसलेली पाखरं जवान असताना चढायची अन् म्हातारी हून उतरायची. माज्या बापानं एकदा एक कणीस तोडलं, ते पडताना दोन बैल खाली सापडले. एक वाचला."

आप्पासाहेबानं दात खाल्ले. चुलत्याचं हे असलं बोलणं तो जन्मल्यापासून ऐकत होता. हिवतापाच्या साली मोरदऱ्यातली सगळी वस्ती उठली, ह्यांची दोन घरं पारनेरच्या अंगाला येऊन राहिली, मागं शेतं पडीक पडली, पडिकाचं रान झालं आणि रानाला सरकारनं कुंपण घातलं. एवढं सगळं झालं, पण तात्याच्या तोंडचं पीक तीस वर्षं दरसाल वाढतच होतं.

रंगुबाई पुढं आली. आप्पासाहेबाची आणि भीमाची ही आई. कपाळ तीस वर्षं मोकळं, आणि बोलणं असं, की गावात कुणाचा तंटा असला तर साक्षीला हिलाच बोलवत. "बाबा, बांधावर आमचा म्हसोबा हाय," ती म्हणाली. "त्येला निवद दावून येतो."

हेही खरंच होतं. फक्त सगळं नव्हतं. धाकटी सून चांगुणा हिच्या डोक्यावरच्या टोपल्यात वर पुरणाचा नैवेद्य होता आणि फडक्याखाली गुंडाळलेला दोर, पोहरा, रिकामी पोती. भीमाच्या खांद्यावरच्या घोंगडीत पहार होती.

"आन हा कंदील? भर उनाचा?"

"आमच्या म्हसोबाला दिसत न्हाई," तात्या म्हणाला. "म्हातारा झालाय."

गोरक्षला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यानं काठी वर केली. "जावा. पन दिवस कलायच्या आत भायेर या. सगळ्या रानात एकाच डबऱ्यात पानी उरलंय, आन त्यो तितंच बसून आसतो."

"कोन त्यो?" चांगुणानं विचारलं.

गोरक्षनं नाव घेतलं नाही. बोटांनी स्वतःच्या सदऱ्यावर ठिपके दाखवले. "परवा माजी कुत्री नेली. हाक मारायला तोंड उघडलं, तवर न्हवती. आन ऐका, हे आजच्या दिवस. उद्यापास्नं कुनालाच आत सोडू नका म्हून हुकूम हाय."

*

घरून निघाल्यापासून चांगुणा एकच गोष्ट मागत होती, की तात्या खोटा निघावा. तो आजवर कधी खरा निघाला नव्हता. म्हणजे मागणं काही फार नव्हतं.

तात्या म्हणायचा, मोरदऱ्यातल्या शेताच्या पोटात पेव आहे. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट मात्र खोलीएवढं. हिवतापात माणसं पटापट गेली, उरलेल्यांच्या अंगात धान्य उपसायचं बळ नव्हतं, म्हणून अर्धं पेव तसंच लिंपून घरचे निघाले. चांगल्या सालात हे ऐकून सगळे हसायचे. यंदा कुणी हसलं नाही. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि रात्री रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापायच्या. त्या खाऊन चांगुणाची दोन्ही पोरं पोट धरून बसत. भीमा त्यांच्याकडं बघायचा, मग रानाच्या दिशेला बघायचा.

पेवात उतरायचं ते भीमानंच, हे दोघा भावांनी न बोलता ठरवलं होतं. तो बारीक अंगाचा. लहानपणी विहिरीच्या तळातला खडा एका दमात वर आणायचा.

रान चालायला लागल्यावर तिला कळलं, की हे रान नुसतं रान नाही. झाडं ओळीत उभी होती. जिथं बांध होते तिथं बोरी, जिथं पाट होता तिथं हिवर. काट्यांखाली नांगराची तासं अजून पायाला लागत होती. माणसं उठून गेली आणि त्यांच्या जागेवर दुसरं कुणीतरी येऊन नीट बसलं, तसं वाटत होतं. एका धोंड्यापाशी पांढरी लेंडकं पडली होती. त्यात केस होते.

"तरस," आप्पासाहेब म्हणाला.

"तरस आसंल तर बरं," भीमा म्हणाला.

म्हसोबा सापडला. शेंदूर कधीच उडाला होता. रंगुबाईनं नैवेद्य दाखवला, पण हात जोडून डोळे मिटायची हिंमत कुणाची झाली नाही. पाचही जण उघड्या डोळ्यांनी पाया पडले. वारा नव्हता. तरी घाणेरी मधूनच हलायची आणि थांबायची.

तात्या म्हसोबाकडं पाठ करून उभा राहिला. नाक वर करून तो इकडं गेला, तिकडं गेला, दोनदा चुकला. चांगुणाला जरा बरं वाटू लागलं. मग तो एका जाळीत वाकून शिरला आणि आतून त्याचा आवाज आला. त्यात गंमत अजिबात नव्हती.

"आप्पा. हिकडं ये."

जाळीच्या मधोमध जागा मोकळी होती. चारी बाजूंनी बाभळी दाटल्या होत्या, पण तेवढ्या तुकड्यात एक झाड नव्हतं. खाली पोकळ, मुळाला धरायला काही नाही. आप्पासाहेबानं पहार आपटली. जमीन घुमली.

तात्या खरा निघाला होता.

*

पेवाच्या तोंडावरची शिळा हलली तेव्हा आतून वाफ आली. ऊन, आंबूस, जुन्या माणसाच्या तोंडासारखी. सगळे मागं सरले.

दोराला पोहरा बांधून सोडला. वर आला त्यात काळ्या ढेपा होत्या आणि ढेपांच्या मध्ये मूठभर दाणे. आप्पासाहेबानं एक दाताखाली फोडला. आत पांढरा. त्यानं तो रंगुबाईच्या हातावर ठेवला. वर्ष झालं, ह्या घरात पांढरी ज्वारी कुणी पाहिली नव्हती.

"वरची ढेप झालीय," तो म्हणाला. "खाली सगळं चांगलं आसनार. पोहऱ्यानं निगायचं न्हाई ते. फोडून भरायला मानूस पायजे."

"आज उगाडलंय," रंगुबाई म्हणाली. "आज कसं उतरायचं?"

पेव असलेल्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. उघडलेल्या पेवात एक अख्खं ऊन पडू द्यायचं, आतली मेलेली हवा निघून जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, मग माणूस. ह्यात घाई करायची नसते. माळवाडीच्या दोन भावांनी केली होती. धाकटा उतरला तो ओ देईना, म्हणून थोरला त्याला आणायला उतरला. दोघांना वर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"मंग काय उद्या यायचं?" आप्पासाहेब म्हणाला. "उद्या त्यो गोरक्ष सोडनार हाय का? ऐकलं न्हाई तू?"

त्यांनी लिंबाचा डहाळा दोराला बांधून खालीवर केला. घोंगडीनं वारं घातलं. मग कंदील सोडला. ज्योत पेवाच्या गळ्याखाली गेली आणि विझली. फडफडली नाही, कुणीतरी आत बसून चिमटीनं काढून घ्यावी तशी गेली. वर ओढून पुन्हा पेटवला. पुन्हा गेली.

"काजळी धरलीया त्येनं," आप्पासाहेब म्हणाला, पण कंदिलाकडं न बघता.

भीमा सदरा काढत होता. "मला कंदील कशाला? म्या दम धरतो. आत गेलो, पोतं भरलं, दोर हलवला, तुमी वढलं. हिरीत धरायचो तसा."

"हिरीत पानी आसतंय, वर याया जोर लावता येतो," चांगुणा खालच्या आवाजात म्हणाली. "हितं कशाला जोर लावशीला?"

"तू गप. घरला पोरं काय खात्यात ते तुला म्हाईत हाय ना?"

तिला माहीत होतं. तिनं तात्याकडं पाहिलं. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा तिला तात्याचं बोलणं ऐकावंसं वाटत होतं.

आणि तात्या बोलला. पण सवयीनं बोलला. "भीमा, आत एक बाई हाय. इतकी वर्सं उपाशी बसलीया. केस आसे, की पेवाला सात येढं. पयल्यांदा पाय धरती, मंग इचारती, तू कोनाचा—"

"तात्या," आप्पासाहेब म्हणाला, "हीच बाई तुमी आमाला हिरीत दावली हुती. मागल्या साली श्रीरामपूरच्या यस्टीतबी हिलाच बसवलीवती. तिकीट काडून."

भीमा हसला. हसतच त्यानं दोर कमरेला बांधला, दुसरं टोक आप्पासाहेबानं बाभळीच्या बुंध्याला आवळलं, आणि भीमानं दोन्ही पाय पेवाच्या तोंडात सोडले.

तात्या पुढं सरला. काय सांगावं म्हणजे हा पोरगा थांबेल? हवा विषारी आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं. खरं सांगून झालं होतं, खोटं सांगून झालं होतं. भीमाची छाती दम भरून फुगलेली त्यानं पाहिली.

"तुजा बाप हाय आत," तो म्हणाला.

*

बाभळीवरचा होला घुमायचा थांबला. का कोण जाणे, सगळ्यांनाच ते ऐकू आलं.

भीमानं दम सोडला. "काय?"

"सहादेव. माजा भाऊ. तापात ग्येला तवा उचलायला मानसं न्हवती, लाकडं न्हवती. आमी त्येला हितं ठिवला. जवारीत. आन वरनं लिपलं."

"खोटं," आप्पासाहेब म्हणाला. "सगळी उमर खोटं बोलला तुमी. आमच्या बापाला वड्याकाठी जाळला. आईनं सांगितलंय."

"मंग इचार तुज्या आईला."

सगळे रंगुबाईकडं वळले.

मेल्या, असं ती मनात म्हणाली. तात्याला ती तीस वर्षं हेच म्हणत आली होती. तिनं नवऱ्याला ओढ्याकाठी जळताना पाहिलं होतं. लाकडं कमी पडली म्हणून गोठ्याची मेढ उपटून तिनं स्वतः वाहिली होती. आप्पासाहेब तेव्हा लहान, तापाच्या भीतीनं आजोळी पाठवलेला. भीमा तर पदराखाली. त्या दोघांना बापाचं एवढंच ठाऊक होतं जेवढं तिनं सांगितलं, आणि तिनं एकही अक्षर कमीजास्त सांगितलं नव्हतं.

आता 'न्हाई' म्हटलं, की पोरगा आत जाणार. 'व्हय' म्हटलं, तर ती नवऱ्याला अग्नी न देता ज्वारीत टाकून त्याच्यावर शेणमाती लिंपणारी बाई होणार. उद्या गावात, परवा सोयऱ्यांत. सुनेनं तिच्या हातचं पाणी घ्यावं की नाही, इथवर जाणार.

भीमाचे पाय अजून आतच होते.

"व्हय," रंगुबाई म्हणाली.

तात्याचे डोळे विस्फारले. त्याचं खोटं आजवर कुणी असं हातात घेतलं नव्हतं.

"भितीला टेकून बसीवलाय," ती म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "डोक्याला तांबडं मुंडासं हाय. लई थंडी वाजत हुती त्येला, म्हून म्या अंगावर माजं लुगडं टाकलं, हिरवं. तुमी जे दानं तोंडात घातलं ना, ते त्येच्या पायाखालचं."

आप्पासाहेब बाजूला जाऊन ओकला. भीमानं हातांवर जोर देऊन पाय वर काढले आणि तोंडापासून दूर सरकत गेला, थेट बाभळीच्या बुंध्यापर्यंत.

चांगुणाला सुटल्यासारखं झालं. ते क्षणभरच टिकलं. कारण आप्पासाहेब तोंड पुसत परत आला आणि त्यानं भीमाच्या कमरेचा दोर सोडायला घेतला.

"काय करतोस?" रंगुबाई म्हणाली.

"काय म्हंजी? माजा बाप इतकी वर्सं आंधारात बसलाय. आगीबिगर. आन म्या दुस्काळ सरंना म्हून म्हसोबाला निवद दावत फिरतोय!" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "जवारी ग्येली चुलीत. हाडं वर आनतो. थोरला म्या हाय, आग्नीचा मान माजा."

तात्यानं रंगुबाईकडं पाहिलं.

"आज आवस न्हाई, काई न्हाई," रंगुबाई घाईनं म्हणाली, "आज हाडं उचलायची नसत्यात आप्पा—"

"तू मला काय नसतं ते सांगू नगं. तुला त्येवडं त्वांड ऱ्हायलं न्हाई."

त्यानं दोर स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला. तसा भीमा उठला. "दादा, तुला दम धरता येत न्हाई. म्या जातो. मला दोर दे."

"तू सर."

"माजाबी बाप हाय त्यो! म्या तर त्येचं त्वांडबी बगितलं न्हाई!"

दोघं भाऊ पेवाच्या तोंडाशी एकमेकांना ढकलू लागले, कोण आधी मरणार ह्यासाठी. रंगुबाई मटकन खाली बसली. तिला माळवाडीचे दोन भाऊ दिसत होते. अंगावर ओरखडा नसलेले.

चांगुणानं हे सगळं पाहिलं. आत सासरा होता की नव्हता, हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्या घडीला तिला त्याचं काही पडलंही नव्हतं. थोरल्या दिरापुढं तिनं लग्न झाल्यापासून शब्द काढला नव्हता. ती उठली, बाभळीपाशी गेली, बुंध्याची गाठ सोडली, आणि दोर गोळा करत करत दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"गाठ सैल हाय," ती म्हणाली. "म्या बांदते. सोडा."

तिच्या तोंडून आवाज आला ह्याचंच आप्पासाहेबाला इतकं नवल वाटलं, की त्यानं हातातलं टोक सोडलं. चांगुणानं सगळा दोर छातीशी धरला आणि पेवात टाकला.

तो पडल्याचा आवाज उशिरानं आला. मऊ, कुणीतरी अंथरुणावर कूस बदलावी तसा.

आप्पासाहेबाचा हात वर गेला.

"मारा," चांगुणा म्हणाली. "पन दोर आता न्हाई."

हात तसाच राहिला. कारण त्याच वेळी पाणवठ्याच्या बाजूला मोर ओरडला. मग जवळचा दुसरा. मग जाळीच्या पलीकडं, दहा-बारा पावलांवर, वाळला पाला दबला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

कुणी हललं नाही. भीमानं बायकोचा दंड धरला. तात्या आपसूक रंगुबाईच्या पुढं येऊन उभा राहिला होता. पाला पुन्हा वाजला, या वेळी लांब. दुरून गोरक्षच्या शिट्टीचा आवाज आला.

"शिळा," आप्पासाहेब कुजबुजला.

पाचही जणांनी शिळा सरकवली. वर माती ओढली, काटे टाकले. आप्पासाहेबानं डोक्याचं पागोटं काढलं आणि शिळेवर ठेवलं. "बाबा, येतो म्या परत," तो म्हणाला. "दोर घिऊन येतो." आणि त्यानं डोकं टेकलं. भीमानं टेकलं, चांगुणानं टेकलं. रंगुबाईलाही टेकावं लागलं. शिळेखालून ज्वारीचा आंबूस वास येत होता. तिनं श्वास धरून ठेवला.

*

परतताना आप्पासाहेब पुढं होता, बोडक्या डोक्यानं, सुतक पडल्यासारखा. भीमा आणि चांगुणा त्याच्यामागं, एकमेकांना चिकटून. कुणी मागं वळून बघत नव्हतं.

ओढा आला. कोरडा, गोट्यांचा. काठावरच्या एका काळ्या पडलेल्या धोंड्यापाशी रंगुबाईची पावलं आपोआप मंद झाली. हात जोडायला वर येत होते.

"काय झालं आई?" आप्पासाहेबानं वळून विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"काटा," ती म्हणाली. वाकली, पायातून नसलेला काटा काढला आणि धोंड्याकडं न बघता पुढं गेली.

तात्या तिच्या बरोबरीनं चालू लागला. गेली कित्येक वर्षं ते असे शेजारी चालले नव्हते.

"वैनी," तो पुटपुटला, "त्यो येनार दोर घिऊन. हुकूम मोडून येनार. आत हाडं न्हाईत, तरी त्यो हुडकत बसनार, दम संपस्तवर. आता काय सांगायचं त्येला? मला तर काईच सुचंना."

रंगुबाईनं पुढं पाहिलं. झाडांच्या मधून फाटक दिसत होतं. तिथं गोरक्ष उभा होता आणि त्याच्यापर्यंत पोचायच्या आत थोरला काहीतरी विचारणार, हे तिला आईच्या नजरेनं कळत होतं.

"तुमी गप ऱ्हावा, भावजी," ती म्हणाली. "आता म्या सांगत जाईन."